भाद्रपदातला कंदील

शुक्रवार, बारा सप्टेंबर, पहाटेचे पाच चाळीस. वासंती आठल्ये पंपरूमचं कुलूप काढून आत शिरल्या होत्या. त्यांनी खटका दाबला, मोटरचा आवाज लागेपर्यंत कान दिला आणि विहिरीच्या कठड्याशी येऊन पाण्याची पातळी पाहिली. अकरा वर्षं हे काम त्या रोज करत होत्या. मांडवीकडे उतरणाऱ्या रस्त्यावरच्या 'निवांत' सोसायटीच्या त्या सचिव. सोळा फ्लॅट, एक विहीर आणि लवू नावाचा वॉचमन. पंप सुरू करणं खरं तर लवूचं काम. पण तो एकदा पंप चालू ठेवून झोपी गेला होता आणि टाकी दोन तास वाहिली होती. तेव्हापासून किल्ली वासंतीबाईंच्या कमरेला.

त्या पहाटे विहिरीच्या पाण्यात लाल आणि हिरवं हललं. त्यांनी मान वर केली. दुसऱ्या मजल्यावर, दोनशे तीनच्या दारासमोर, कॉरिडॉरच्या कठड्याबाहेर आकाशकंदील पेटला होता. चांगला हातभर उंच, झिरमिळ्यांचा, आतल्या दिव्यांचे रंग बदलणारा.

वासंतीबाई जागच्या हलल्या नाहीत. विसर्जनाला जेमतेम सहा दिवस झालेले. पितृपक्ष चालू. या पंधरवड्यात त्यांच्या घरात नवी वाटीसुद्धा विकत आणत नसत. सदुसष्ट वर्षांच्या आयुष्यात भाद्रपदाच्या काळोख्या पक्षात कुणाच्या दारात कंदील पाहिल्याचं त्यांना आठवेना. पहिला विचार आला तो असा, की त्या घरात कुणाला तरी वेड लागलं असावं.

त्यांचं माहेर गुहागरचं. वडिलांची नारळी-पोफळीची बाग होती. कंदील वडील स्वतः करत. बांबूच्या कामट्या, दोरा, खळ आणि दोनच रंगांचा कागद. तो वसुबारसेच्या संध्याकाळी चढायचा आणि तुळशीचं लग्न लागलं की उतरायचा. एका वर्षी धाकट्या भावाने तो दोन दिवस आधी लटकवला, तेव्हा वडिलांनी काही न बोलता तो उतरवून माळ्यावर ठेवला होता आणि त्या वर्षी घरावर कंदील लागलाच नाही. पुढे वासंतीबाईंनी सरकारी कचेरीत तेहतीस वर्षं आवक-जावक सांभाळली. कागद ज्या तारखेला यायचा त्याच तारखेला नोंदला जायचा, आदल्या नाही की दुसऱ्या नाही. सोसायटीत एका भाडेकरूने कंदील होळीपर्यंत तसाच लोंबत ठेवला, तेव्हा सर्वसाधारण सभेत ठराव त्यांनीच मांडला: आकाशकंदील व रोषणाई वसुबारसेपासून तुळशीच्या लग्नापर्यंत. नऊ विरुद्ध चार मतांनी तो मंजूर झाला. बाजारात मोबाईलची दुकानं दसऱ्याच्या आधीपासून झगमगतात, हे त्यांना दिसत होतं. दुकानदारांना धरबंध नसतो, पण राहत्या घरांना असावा, असं त्यांचं मत होतं.

दोनशे तीनमध्ये मयेकर राहत. फ्लॅट घेऊन दोन वर्षं झालेली. हर्षद मयेकर मालवाहू जहाजावर फिटर होता. नऊ महिने बोटीवर, तीन महिने घरी. बायको श्रद्धा, सहा वर्षांची मुलगी सानवी आणि आई कमळा. कमळाचा नवरा मच्छीमार होडी चालवणारा तांडेल होता आणि ती स्वतः पंधरा वर्षं माशांची पाटी घेऊन बसायची, ती याच सोसायटीच्या फाटकाबाहेर. पाटीचं पाणी आत येतं म्हणून तिला फाटकापासून दहा फूट लांब बसायला सांगणारं पत्रही वासंतीबाईंच्या हातचं होतं. आता ती फाटकातून आत येऊन जिना चढायची, आणि चढताना कठड्याला हात लावून मध्येच थांबायची. गुडघे गेलेले होते.

सात वाजता वासंतीबाई वर गेल्या. दार सताड उघडं होतं. आतून उटण्याचा आणि तेलाचा वास आला. उंबऱ्याशी नरकासुर म्हणून टाचेने फोडलेलं हिरवं कारीट पडलं होतं. हर्षद न्हाऊन, नवा शर्ट घालून पाटावर बसला होता, सानवी त्याच्या मांडीवर, आणि पुढ्यात गोडे पोहे.

त्याने उठून सांगितलं ते असं: काल दुपारी कंपनीचा फोन आला. रविवारी निघायचं. चार दिवाळ्या झाल्या, तो घरी नाही. म्हणून घरच्यांनी ठरवलं, यंदा दिवाळी आज.

वासंतीबाई म्हणाल्या की पितृपक्ष आहे. हे त्यांनी रागाने म्हटलं नाही. एखाद्याला पायरी दाखवावी तसं म्हटलं.

कमळा आतून पोह्यांची बशी घेऊन आली होती. तिने ती वासंतीबाईंच्या पुढे धरली. "आमचे पितर दर्यावरचेच व्हते, बाई," ती म्हणाली. "त्यांना ठावं हाय. मानूस घरात असला का सन."

बशी वासंतीबाईंनी घेतली नाही. आंघोळ व्हायची आहे, असं त्या म्हणाल्या; ते खरंही होतं.

दहा वाजेपर्यंत सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कंदिलाचे तीन फोटो पडले. एकाने विचारलं, नवरात्र आधी की दिवाळी, कुणी सांगेल का. दुसऱ्याने लिहिलं की बोटीचा पैसा आला की पंचांग लागत नाही. त्यावर सात जणांनी हसणारे चेहरे टाकले. श्रद्धा त्या ग्रुपवर होती, हे बहुधा कुणाच्या लक्षात नव्हतं, किंवा होतं. वासंतीबाईंनी चेहरा टाकला नाही. त्यांनी फक्त ठरावाचा क्रमांक आणि तारीख टाकली.

दुपारी मयेकर मंडळी सानवीला घेऊन समुद्रावर गेली. तेवढ्यात वासंतीबाईंनी लवूला शिडी घेऊन पाठवलं. बाहेरचा आकडा सोसायटीच्या सामाईक भिंतीत होता, त्यामुळे नियमात काही चुकलं नाही. लवूने कंदील उतरवला, वायर गुंडाळली, सगळं एका पांढऱ्या पिशवीत घातलं आणि पंपरूमच्या कोपऱ्यात ठेवलं. संध्याकाळी वरून भांडणाचा आवाज येईल म्हणून त्या दाराशी थांबून राहिल्या. आवाज आला नाही.

शनिवारी हर्षद खाली आला. त्याने चप्पल बाहेर काढली आणि दारातच उभा राहिला. दोनशे तीनच्या मागे जांभ्याचा उभा कडा आहे, त्यामुळे घरात फोनला रेंज मिळत नाही. वायफायवर चालतं, पण बोटीवरचं इंटरनेट बंद पडलं की तेही उपयोगाचं नाही. बाईंचं घर रस्त्याच्या अंगाला आणि बाई कायम घरी. कंपनीत घरच्या नंबरासोबत दुसरा नंबर द्यावा लागतो, तो त्यांचा दिला तर चालेल का, एवढं विचारायला तो आला होता.

वासंतीबाई हो म्हणाल्या. नंबर त्यांनी कागदावर लिहून दिला आणि शेवटचा आकडा सात आहे, एक वाचू नका, असं बजावलं. मग, तो जायला वळल्यावर, कंदील पंपरूममध्ये आहे, वसुबारसेला घेऊन जा, असं सांगितलं.

तो "बरं" म्हणाला.

त्याच संध्याकाळी जिन्यात कमळा भेटली. ती कठड्याला टेकून दम खात होती. वासंतीबाई बाजूने निघाल्या तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "चौथ्या मजल्यावर डॉक्टरांचं नाताळचं झाड नोव्हेंबरात उभं ऱ्हातं. तवा लवू शिडी घिऊन जात नाय."

ते खरं होतं. डॉक्टरांची मुलगी परदेशात होती आणि गेली तीन वर्षं त्यांच्या गॅलरीत ते झाड, चांदण्या, पांढऱ्या दिव्यांच्या माळा नाताळच्या महिनाभर आधीच लागत. मुलं बघायला वर जात. केक मिळे. गेल्या वर्षी वासंतीबाईंनी त्या झाडाशेजारी उभं राहून फोटोही काढून घेतला होता. ठराव त्यांना तेव्हा आठवला नव्हता. आकाशकंदील आणि रोषणाई, असे त्यातले शब्द होते. रोषणाईत ते झाड येतं की नाही, याचा त्यांनी त्या रात्री थोडा वेळ विचार केला आणि येतं, असं त्यांचं मत झालं.

ऑक्टोबर उजाडला. पंपरूमच्या कोपऱ्यातली पांढरी पिशवी त्यांना रोज पाच चाळीसला दिसायची. वसुबारस शुक्रवारी, सतराला आली. पंधरा दारांत कंदील चढले. पिशवी न्यायला कुणी आलं नाही. हा राग आहे, असं वासंतीबाईंनी धरलं. रागाला माणसाने थोडी मुदत द्यावी, म्हणून त्याही काही बोलल्या नाहीत.

सोमवारी नरक चतुर्दशी. पहाटे पंप सुरू करून त्यांनी वर पाहिलं. सगळी इमारत उजळलेली आणि दुसऱ्या मजल्यावर मधोमध एक दार काळं. कंदील नव्हता ते ठीक. पण पणती नव्हती. रांगोळी नव्हती. पणतीवर कुणाचा ठराव नव्हता. रुसलेलं माणूसही दिवाळीच्या पहाटे उंबऱ्याशी एक पणती ठेवतं.

त्यांनी लवूला विचारलं. लवूने जे पाहिलं होतं ते सांगितलं. आठ-नऊ दिवस झाले, हर्षदचा मेसेज नाही. श्रद्धा गच्चीवर जाऊन कंपनीचा नंबर लावते, तो लागत नाही. रविवारी ती टाकीच्या मागे बसून रडत होती. आणि काल संध्याकाळी सानवीला मामा येऊन सावर्ड्याला घेऊन गेला.

मूल घराबाहेर काढलं, हे ऐकल्यावर वासंतीबाई खुर्चीवर बसल्या. वाईट बातमी आली की घरातलं लहान मूल पहिलं हलवतात.

आणि मग त्यांना रविवारचे फोन आठवले. दुपारी तीनच्या सुमारास, पाठोपाठ दोन. लांबलचक, परदेशी नंबर. असे नंबर घेऊ नका, खातं रिकामं होतं, हे त्या रोज वाचत होत्या. दोन्ही त्यांनी कापले होते. दुसऱ्यांदा कापताना तर जरा समाधानही वाटलं होतं. हर्षदच्या कंपनीत दुसरा नंबर म्हणून आपला नंबर दिलेला आहे, हे तेव्हा डोक्यातच आलं नाही. आता आलं. कंपनी माणसाच्या घरी दोन-दोनदा फोन करते ती कशासाठी, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं.

नऊ वर्षांपूर्वी त्यांचे यजमान परशुराम आठल्ये गेले. त्या वर्षी वासंतीबाईंच्या दारात कंदील नव्हता, पणती नव्हती, घरात कढई चढली नव्हती. ज्या घरात वर्षाच्या आत माणूस गेलेलं असतं त्या घरात सण होत नाही, फराळ इतरांनी नेऊन द्यायचा. कोण आलं आणि कोण नाही, हे त्यांना नावानिशी आठवत होतं. काही जणी आल्या आणि कसं झालं, काय झालं, विचारत बसल्या. एकच बाई अशी आली, की डबा ठेवला, हात धरला आणि निघून गेली. विचारायचं नसतं, डबा ठेवायचा असतो, हे वासंतीबाई त्या दिवशी शिकल्या होत्या. म्हणून त्यांनी कुणालाही काही विचारलं नाही. श्रद्धाला नाही, कमळाला नाही. लवूलाही पुढचं विचारलं नाही.

मंगळवारी लक्ष्मीपूजन होतं. दुपारी चार वाजता त्यांनी स्टीलच्या डब्यात चकल्या, कडबोळी आणि शेव भरली. गोडाचं नको म्हणून लाडू घातले नाहीत. चांगलं लुगडं नेसल्या होत्या ते बदलून साधं नेसल्या. दोन जिने चढल्या आणि दोनशे तीनची बेल न वाजवता दारावर हलकेच थाप मारली.

श्रद्धाने दार उघडलं. डोळे सुजलेले, केस नुसते बांधलेले. वासंतीबाईंची खात्री पटली.

त्यांनी डबा पुढे केला. "यंदा तुम्ही काही करू नका," त्या म्हणाल्या. "हे आमच्याकडून."

श्रद्धाने डबा घेतला. तिने डब्याकडे पाहिलं, मग त्यांच्या साध्या लुगड्याकडे, मग तोंडाकडे. यंदा करू नका, हे शब्द कोणत्या घरात उच्चारतात ते तिलाही माहीत होतं. आणि दुसरा नंबर कुणाचा आहे, तेही.

"तुम्हाला फोन आला?" तिने विचारलं.

वासंतीबाई म्हणाल्या, "आला होता."

मी घेतला नाही, हे पुढचे तीन शब्द त्यांच्या तोंडातून बाहेर पडायच्या आत श्रद्धा खाली बसली. पडली नाही, पाय काढून घेतल्यासारखी भिंतीला घासत खाली गेली. डबा आपटला, झाकण जिन्यापर्यंत घरंगळत गेलं, चकल्यांचे तुकडे दारभर झाले. तिच्या तोंडून आवाज येत नव्हता. तोंड उघडं होतं आणि आवाज येत नव्हता.

वासंतीबाईंनी तेहतीस वर्षांच्या नोकरीत मृत्यूचे दाखले हाताळले होते. नवऱ्याचं शव पाहिलं होतं. पण आपल्या तोंडच्या दोन शब्दांनी माणूस असं कोसळताना त्यांनी पाहिलं नव्हतं. आपण चुकीचं काही बोललो, हे अजून त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. त्या एवढंच म्हणत राहिल्या, की मला वाटलं तुम्हाला कळलंय, मला वाटलं तुम्हाला कळलंय.

कमळा स्वयंपाकघरातून आली. तिने सुनेला पाहिलं, चकल्या पाहिल्या. ती खाली बसली नाही, तिने चौकट धरली.

"कोनी सांगितलं?"

"कुणी नाही," वासंतीबाई म्हणाल्या.

"मंग?"

"तुमच्या दारात दिवा नाही. कंदील नाही."

कमळा त्यांच्याकडे बघत राहिली. मग एकेक शब्द वेगळा करत बोलली.

"आमची दिवाळी झाली. तुमीच बघून गेलात. वर्साला दोनदा दिवाळी कोन करतो? आनि कंदील तुमच्याकडं हाय."

खालच्या मजल्यावर कुणीतरी लवंगी फटाक्यांची माळ लावली. वासंतीबाईंनी जे जे जोडलं होतं, पणती, मूल, रडणं, ते सगळं एका पांढऱ्या पिशवीपासून सुरू होत होतं, आणि ती पिशवी त्यांच्याच कुलपात होती. सानवी मामाकडे गेली होती ती भाऊबीजेला.

राहता राहिले ते दोन फोन. ते खरे होते. कशाचे होते, ते त्या इमारतीत कुणालाच माहीत नव्हतं.

वासंतीबाईंनी श्रद्धाच्या पदराला बांधलेला कंपनीच्या नंबराचा कागद मागून घेतला. तिने तो सोडून दिला. दोघींना घेऊन त्या खाली आपल्या घरी आल्या. कमळा उंबऱ्याशी थांबली. चप्पल काढू की बाहेरच राहू, असं तिने विचारलं नाही, पण थांबली. वासंतीबाई "आत या" म्हणाल्या. पूजेसाठी मांडलेला पाट त्यांनी पायाने बाजूला सारला, हे त्यांच्या नंतर लक्षात आलं.

सणाचा दिवस, कंपनीत माणसं कमी. नंबर चौदाव्यांदा लागला. तोपर्यंत अर्धा तास गेला होता आणि श्रद्धा मांडीत हात घालून जमिनीकडे बघत होती. पलीकडे एक तरुण बोलत होता. वासंतीबाईंनी आधी त्याचं नाव विचारलं, मग हुद्दा, मग जहाजाचं नाव त्याच्याकडून वदवून घेतलं, आणि प्रत्येक गोष्ट वहीत लिहिली. हे त्यांना येत होतं. मग त्यांनी विचारलं, हर्षद मयेकर, फिटर, आज कसे आहेत, आणि हे तुम्ही कशाच्या आधारे सांगता.

त्याने सांगितलं ते त्या मोठ्याने म्हणत लिहीत गेल्या. जहाजावरची इंटरनेट यंत्रणा बारा तारखेपासून बंद आहे. कर्मचारी सर्व सुखरूप. आज सकाळी आठचा कॅप्टनचा अहवाल समोर आहे. रविवारी प्रत्येकाला उपग्रह फोनवरून पाच मिनिटं दिली होती. मयेकरांनी पत्नीचा नंबर लावला, तो संपर्कक्षेत्राबाहेर होता. मग दुसरा नंबर दोनदा लावला.

इथे वासंतीबाईंचं पेन थांबलं. "तो कापला गेला," तरुण म्हणाला. तेही त्यांनी लिहिलं.

श्रद्धा आता रडू लागली, आवाज काढून. कमळाने तिच्या पाठीवर हात ठेवला, पण नजर वासंतीबाईंवरून काढली नाही. शिव्या आल्या असत्या तर वासंतीबाईंना सोपं गेलं असतं. कमळाने फक्त विचारलं, पुन्हा फोन कधी. तरुणाने सांगितलं होतं ते वहीत होतं: उद्या, आपल्याकडच्या पहाटे साडेपाचला, पुन्हा पाच-पाच मिनिटं. आधी घरचा नंबर, तो नाही लागला तर हाच.

"घरचा नाय लागायचा," कमळा म्हणाली. "आमी हितंच येऊन बसतो. पाचला."

वासंतीबाईंनी मान हलवली. त्या दोघींना जिन्यापर्यंत सोडून त्यांनी पंपरूम उघडली आणि पांढरी पिशवी बाहेर आणली. दोन झिरमिळ्या उंदराने कुरतडल्या होत्या. लवू शिडी आणायला निघाला, तेव्हा कमळाने वरून त्याला नको म्हणून सांगितलं. मुलगा बोलल्याशिवाय तिला दारात काही टांगायचं नव्हतं. पिशवी मात्र तिने मागून घेतली आणि आत नेली.

रात्री साडेआठला वासंतीबाईंनी फोन चार्जिंगला लावला, आवाज पूर्ण मोठा केला आणि कमरेची किल्ली सोडून लवूच्या हातात दिली. कोणता खटका आधी, पाणी टाकीच्या कोणत्या खुणेला आलं की बंद, हे त्याच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं. मग फळ्यावर खडूने सूचना लिहिली: बुधवार, २२ ऑक्टोबर. पंप लवू सुरू करतील. वेळ पहाटे ५.४०.